हेस्टरचा एकच शब्द

५ ऑक्टोबर १९९३, मंगळवार

मिस गॅदरकोलनी ही वही दिली. हॉस्पिटलात वाचा गेलेल्यांना पुन्हा बोलतं करायचं काम त्या करतात. तिशीच्या आतबाहेरच्या आहेत, पायात पुरुषी बूट. म्हणाल्या, "रोज लिहा, मिस्टर रॅस्ट्रिक. तो शब्द त्या कधी म्हणतात, त्याआधी काय झालं, नंतर काय झालं. आणि मुख्य म्हणजे कुठल्या सुरात म्हणतात." सूर कसा लिहायचा ते मला कळलं नाही. मी शब्दांचा माणूस.

तर पहिली नोंद. बुधवारी, २२ सप्टेंबरला सकाळी साडेदहाच्या सुमारास माझी बायको हेस्टर, वय अडुसष्ट, वरच्या मजल्यावर एका ढालीला सोन्याचा वर्ख लावता लावता स्टुलावरून खाली आली. मी खालच्या खोलीत शब्दकोडं रचत होतो. धप्प असा आवाज ऐकला. वाटलं, मांजरानं काहीतरी पाडलं. कोड्याचं हातातलं सूत्र पुरं केलं आणि मग वर गेलो. तीन मिनिटं गेली असतील. चारही असतील. डॉक्टर म्हणतात, त्यानं काही फरक पडला नसता. डॉक्टरांना तसं म्हणावंच लागतं.

अर्धांगाच्या झटक्यात उजवा हात गेला, उजवा पाय अर्धामुर्धा राहिला. बोलणं सगळं गेलं, एक शब्द सोडून. ऑर. तहान लागली की ऑर, उशी सरकली की ऑर, खिडकीबाहेर बघूनही ऑर.

ऑर म्हणजे 'किंवा', हे शाळेतलं पोरही सांगेल. पण हेस्टर घराण्यांची कुलचिन्हं रंगवते, चर्चमधल्या पाट्या आणि ढाली. त्या धंद्यातले लोक पिवळा किंवा सोनेरी म्हणत नाहीत, त्यांच्या जुन्या फ्रेंचमिश्रित बोलीत सोनं म्हणजे ऑर. आणि माझ्या धंद्यात, म्हणजे आमच्या साप्ताहिकासाठी एकतीस वर्षं मी जी शब्दकोडी रचतोय त्यात, सूत्रात 'सोनं' आलं की उत्तरात ही दोन अक्षरं घालायची. 'शिपाई' आलं तरी हीच, कारण लष्करात साध्या शिपायांना 'अदर रँक्स' म्हणतात, त्याची ती इंग्रजी आद्याक्षरं. हा शब्द मी चिमूटभर मिठासारखा वापरत आलो. कुठे कमी पडलं की टाक.

म्हणजे शब्द एक आणि अर्थ तीन. तिला कुठला हवा आहे एवढंच शोधायचं. हे तर माझं रोजचंच काम आहे.

६ ऑक्टोबर

'किंवा'पासून सुरुवात केली. तिला सगळं समजतं, असं मिस गॅदरकोल म्हणतात. मग 'ऑर' म्हणजे 'हे नको, दुसरं काय आहे?' असणार. चहा नेला. "ऑर." कॉफी आणली. "ऑर." पाणी, संत्र्याचा रस, कोको. पाच कप मांडून झाले तेव्हा ती माझ्याकडे बघत होती. कपांकडे नाही. शेवटी थंड झालेला पहिलाच चहा प्यायली.

शेजारच्या पलंगावरच्या म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, "अहो, जरा बसा की. खानसामा ठेवल्यासारखे नाचताय." हेस्टर हसली. अर्ध्याच तोंडानं, पण हसली. मला राग आला, तो का ते नीट कळलं नाही.

परत येताना चढ चढून आलो. आमच्या गल्लीचं नावच उभा चढ आहे, आणि ते कुणी गमतीनं ठेवलेलं नाही. मध्यावर जुन्या पुस्तकांचं दुकान आहे, तिथे थांबलो. काचेतली पुस्तकं बघितली. डावीकडची खालची दाढ ठणकत होती. दातांच्या डॉक्टरकडे जायला हवं, पण आत्ता कुठे वेळ आहे.

९ ऑक्टोबर, शनिवार

आज 'सोनं'.

हात सुजला म्हणून नर्सनं पहिल्याच दिवशी हेस्टरची लग्नातली अंगठी काढून माझ्याकडे दिली होती. मला वाटलं, झालं, हीच हवी असणार. घासूनपुसून नेली. डाव्या हातात घालायला गेलो तर तिनं मूठ मिटली. "ऑर," म्हणाली, लहान मुलाला 'वेडा आहेस का' म्हणावं तसं. (सूर लिहिला.)

मग वर्खाची पुडी नेली. उघडली मात्र, वॉर्डातल्या पंख्याच्या झोतानं दोन पानं उडाली. एक सिस्टरच्या बाहीला चिकटलं. सिस्टर म्हणाल्या, "मिस्टर रॅस्ट्रिक, इथे आजारी माणसं झोपतात. हे काय कार्निव्हल आहे?" हेस्टरनं डोळे मिटून घेतले. ती दमली होती की लाजली होती, सांगता येत नाही. बेचाळीस वर्षांच्या संसारानंतर हे सांगता येत नाही, हे इथे लिहून ठेवतो.

खरं सांगायचं तर बेचाळीस वर्षांत बहुतेक वेळा तिची वाक्यं मीच पुरी केली. ती सावकाश बोलणारी. मला शेवट आधी दिसायचा. कधी चुकायचोही, पण ती कधी दुरुस्त करायची नाही. "तसंच काहीतरी," म्हणायची आणि कुंचला उचलायची.

१२ ऑक्टोबर

आज जे केलं ते लिहायला नको वाटतं आहे.

'शिपाई' राहिला होता. हेस्टरचा थोरला भाऊ रॉजर नॉर्मंडीत गेला, बाविसाव्या वर्षी, साधा शिपाई. विचार केला, मेंदूला धक्का बसला की माणसं मागे जातात असं ऐकलंय. दिवाणखान्यातला त्याचा फोटो काढला, कागदात गुंडाळून नेला आणि तिच्या मांडीवर ठेवला. "रॉजर? तुला रॉजरबद्दल काही सांगायचंय?"

ती बराच वेळ फोटोकडे बघत राहिली. मग रडली. आवाज न करता, एका डोळ्यातून जास्त आणि एका डोळ्यातून कमी. मिस गॅदरकोल आल्या, त्यांनी फोटो उचलून पालथा ठेवला आणि मला बाहेर नेलं.

"हे कशासाठी केलंत?"

मी तीन अर्थ सांगितले. कुलचिन्हं सांगितली, सूत्रं सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मिस्टर रॅस्ट्रिक, त्या शब्दाला अर्थ नाहीये. तोंडाला तेवढा एकच रस्ता उघडा राहिलाय, म्हणून सगळं त्याच रस्त्यानं येतं. माझा एक पेशंट फक्त 'मंगळवार' म्हणायचा. त्याचं मंगळवारशी काही वाकडं नव्हतं. तुम्ही दारावरचं नाव वाचत बसू नका. दारातून काय बाहेर येतंय ते ऐका."

मी हो म्हणालो. पण मनातून पटलं नाही. हजार शब्दांतून हाच का उरावा? कशालाच अर्थ नसेल तर एकतीस वर्षं मी केलं काय?

छातीत जड वाटतंय. दुपारी हॅस्लेट खाल्लं, डुकराच्या मांसाची वडी असते ती, एवढी जाड कापून घेऊ नये.

१४ ऑक्टोबर, गुरुवार

सर्जन मिस्टर लिव्हसे यांनी बोलावलं. उंच, बारीक आवाजाचा माणूस. डाव्या बाजूची, मानेतून मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी आतून जवळजवळ बुजली आहे. झटका तिच्यामुळेच आला. साफ केली नाही तर पुन्हा येण्याचा धोका मोठा, चारांत एकीला तरी येतो आणि तो याहून वाईट असू शकतो. साफ करायची तर मान उघडावी लागेल. शंभरातल्या पाच-सात जणी त्यातच दगावतात, नाहीतर टेबलावरच त्यांना दुसरा झटका येतो.

"तुमचं मत काय?" मी विचारलं.

"करावं असं माझं मत. पण मान माझी नाही, त्यांची आहे."

"मी सही करतो."

"तुमची चालणार नाही. त्यांना समजलंय आणि त्यांना हवंय, एवढं माझ्यापर्यंत पोचलं पाहिजे. कसंही. एक नोव्हेंबरपर्यंत सांगा."

मग त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, "त्यांना बोलता आलं असतं तर काय म्हणाल्या असत्या, तुम्हाला काय वाटतं?"

मी तोंड उघडलं. माझ्याकडे नेहमी काहीतरी असतं. आज नव्हतं.

१८ ऑक्टोबर

दोन पुठ्ठे केले. एकावर 'ऑपरेशन हवं', दुसऱ्यावर 'नको'. अक्षरं मोठी. हेस्टरनं दोन्ही वाचली. पहिल्याला मान डोलावली. मी खूष. खात्रीसाठी दुसरा दाखवला. त्यालाही मान डोलावली. पुन्हा उलट क्रमानं दाखवले. पुन्हा दोन्हीला हो.

मिस गॅदरकोल म्हणतात, या आजारात मान अशी फसवते, हो आणि नाहीची गल्लत होते. त्यावर त्या काम करतायत. पण मग हेस्टरनं दोन्ही पुठ्ठे डाव्या हातानं पलंगाच्या कडेला सारले आणि ते खाली पडले. ती गल्लत नव्हती, एवढं मलाही कळलं. तिला माझा प्रश्नच नको होता.

फिलिपाला लीड्सला फोन केला. आमची मुलगी, शाळेत गणित शिकवते. म्हणाली, "डॅड, ममला भीती वाटत असेल. तुम्ही तिला सांगितलंत का तुम्हाला काय हवंय ते?"

"तिची मान आहे, माझी नाही," मी म्हणालो. वाक्य मिस्टर लिव्हसेंचं होतं, पण मला आवडलं होतं.

२० ऑक्टोबर

नवी गोष्ट. मी चढउतार करून, बस पकडून धापा टाकत पोचलो आणि खुर्चीत बसलो. हेस्टर बघत होती. श्वास जागेवर आल्यावर तिनं डावा हात पुढे केला आणि माझ्या शर्टाच्या खिशावर थापटलं. "ऑर." पुन्हा थापटलं. "ऑर. ऑर."

खिशात पेन होतं. हर्षानं ओरडायचंच बाकी होतं. तिला लिहायचं आहे. पेन दिलं, टोपण काढून दिलं. तिनं ते फेकलं. शेजारच्या बाईंच्या पलंगाखाली गेलं. पुन्हा माझ्या खिशावर हात. खिसा रिकामा आहे हे मी उलटा करून दाखवलं. तिनं हात तसाच ठेवला, पंजा उघडा, दाबून, आणि सिस्टर येईपर्यंत काढला नाही.

पेनाची निब वाकली. ते तिनंच दिलं होतं, साठाव्या वाढदिवसाला.

२५ ऑक्टोबर, सोमवार

आज आनंदाचा दिवस, या सगळ्यातला पहिला.

पर्सी हॅलम आला होता. पर्सी वर्ख लावणारा कारागीर, हेस्टरबरोबर तीस वर्षं काम करतोय. कानावर पेन्सिल, बोटं कायम पिवळी, जिभेला हाड नाही. पलंगाशी येऊन म्हणाला, "हेस्टर, काम टाळायला एवढं नाटक कशाला? सुट्टी मागितली असतीस तर दिली असती." आणि मांडीवर फळी ठेवून त्यावर कागद लावला, तिच्या डाव्या हातात त्याची जाड सुतारी पेन्सिल दिली. मला इतक्या दिवसांत हे सुचलं नव्हतं. मी लिहायचं पेन देत होतो. तिला लिहिता येत नाही, अक्षरंच हरवलीत. पण रेघ हरवली नाही.

आधी एक वेडीवाकडी ढाल काढली. तिच्यात ठिपके भरू लागली, टक टक टक. मला वाटलं, हात थरथरतोय.

"थरथरतोय कसला," पर्सी म्हणाला. "ठिपके म्हणजे सोनं, क्लेम. रंग नसेल तेव्हा आम्ही असं दाखवतो. ठिपके सोनं, उभ्या रेघा लाल, आडव्या निळा. एवढी वर्षं एका छताखाली राहिलास आणि ठिपके ठाऊक नाहीत?"

मी म्हणालो, ती स्कॅरोबीच्या चर्चच्या ढालीची काळजी करतेय, सोन्याच्या जमिनीवर काळा कावळा, अर्धवट राहिलीय ती. पर्सी म्हणाला, "ती मी बघतो, हेस्टर." तिनं 'ती नव्हे' असा हात हलवला. कागद उलटला. आणि एक हृदय काढलं. पत्त्यातल्या बदामासारखं, एक बाजू फुगीर. त्यात उभ्या रेघा भरल्या, एक एक, ओठ दातात धरून.

लाल हृदय. आणि पेन्सिल माझ्याकडे रोखली. "ऑर."

मला भरून आलं. आमच्यात ही भाषा कधीच नव्हती. तिनं कधी म्हटलं नाही आणि मी कधी विचारलं नाही. मी तिचा हात धरला आणि म्हणालो, "मीसुद्धा, हेस्टर." तिनं हात सोडवून घेतला आणि हृदयावर एक नागमोडी रेघ ओढली, इतक्या जोरात की कागद फाटला. हात घसरला असणार, दमली होती.

जाताना पर्सी बाहेरच्या दारापाशी थांबला. "तू डॉक्टरकडे कधी गेला होतास?"

"दाढेचं म्हणतोस? वेळच नाही."

तो तसाच निघून गेला. विचित्र माणूस. कागद मी या वहीत ठेवला आहे.

२८ ऑक्टोबर

फिलिपा शनिवारी येणार होती, ती दोन दिवस आधीच आली. पर्सीनं तिला फोन केला म्हणे, ढालीसंबंधी. त्यासाठी तिला रजा घेऊन यायची काय गरज होती?

स्टेशनवरून दोघं चालत वर आलो. तिची बॅग मी घेतली. पुस्तकांच्या दुकानाशी थांबलो.

"डॅड, काय झालं?"

"काही नाही. बघतोय काही नवीन आलंय का."

"घामानं भिजलायत तुम्ही. हवा एवढी गार आहे."

"मग आईसारखं तूही मला थापटू लागणार का?"

"म्हणजे? ममनं तुम्हाला थापटलं?"

मी सांगितलं, खिशाचं, पेनाचं. तिनं बॅग माझ्या हातातून घेतली. मी नको म्हणत होतो, पण तिनं दिली नाही, आणि घरी पोचेपर्यंत माझ्याकडे न बघता माझ्याच चालीनं चालली. चहाबरोबर मनुकांचा पाव कापला, तोही तिनं खाल्ला नाही. संध्याकाळभर घर विकायचं, सपाटीवर राहायचं हेच बोलणं. माझा आवाज चढला. तिच्या आईनं या घराच्या खिडक्यांतल्या उजेडासाठी हे घर घेतलं होतं, असं मी म्हणालो. खरं तर ते मी घेतलं होतं. हेस्टरनं "तसंच काहीतरी" म्हटलं होतं.

३१ ऑक्टोबर, रविवार

उद्या सांगायचं. मला अजून माहीत नाही.

माझं मन म्हणतं, नकोच ते ऑपरेशन. आहे तशी राहू दे. एका शब्दाची हेस्टर चालेल मला. टेबलावरून परत न येणारी चालणार नाही. हे तिला सांगितलं नाही, कारण सांगितलं तर ती माझ्यासाठी नको म्हणेल. की माझ्यासाठी हो म्हणेल? तिच्या वाक्याचा शेवट मला दिसत नाही. पहिल्यांदाच दिसत नाहीये असं लिहिणार होतो. पण कदाचित कधीच दिसत नव्हता.

३ नोव्हेंबर, बुधवार

हे मी पलंगावरून लिहितो आहे. हेस्टरच्या वॉर्डाच्या वरच्या मजल्यावर, हृदयाच्या रोग्यांत.

क्रमानं लिहितो. सोमवारी अकराला मिस्टर लिव्हसे, मिस गॅदरकोल, फिलिपा आणि मी हेस्टरभोवती बसलो. मिस्टर लिव्हसेंनी मानेचं चित्र काढून सगळं पुन्हा समजावलं. ती नीट बघत होती. मग त्यांनी कागद पुढे केला. "मिसेस रॅस्ट्रिक, करायचं का?"

तिनं कागद सारला. हात लांबवून माझ्या छातीवर ठेवला. "ऑर."

"तिला पेन हवंय," मी म्हणालो आणि खिशात हात घातला.

"डॅड, पेन राहू द्या," फिलिपा म्हणाली. ती पलंगाच्या कडेला आईसमोर बसली. "मम, तू डॅडच्या छातीबद्दल सांगतेयस? ते आजारी आहेत?"

"ऑर," हेस्टर म्हणाली.

आजवर ऐकला नव्हता असा. वर जाणारा नाही, मागणारा नाही. खाली येऊन टेकलेला, जड पाटी भिंतीवर एकदाची बसावी तसा. मिस गॅदरकोल हळूच म्हणाल्या, "हे 'हो' आहे."

मी म्हणालो, मला काही झालेलं नाही. मिस्टर लिव्हसेंनी खुर्ची माझ्याकडे वळवली.

"चढ चढताना कुठे थांबता?"

"पुस्तकांच्या दुकानापाशी."

"कधीपासून?"

"ऑगस्टपासून असेल."

"पुस्तकं घेता?"

"नाही."

"दात दुखतो?"

हे त्यांना कसं कळलं ते मला समजेना. दहा मिनिटांत माझ्या छातीला तारा लावलेल्या होत्या. आलेखाच्या त्या नागमोडी रेघेकडे बघून तिथल्या डॉक्टरीण बाईंनी मला उठूच दिलं नाही. हृदयाच्या दोन वाहिन्या बुजत आल्यात, दाढेतला ठणकाही त्याचाच. एक छोटा झटका कधीतरी येऊनही गेला असावा. "हॅस्लेट खाल्लं की जड वाटायचं," मी म्हणालो. "हॅस्लेटची माफी मागा," त्या म्हणाल्या.

म्हणजे ऑगस्टपासून तिला दिसत होतं. बोलता येत होतं तेव्हा ती का बोलली नाही, हे फिलिपाला विचारलं. फिलिपानं माझं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाली, "बोलली असेल, डॅड. सावकाश."

तो पंचवीस तारखेचा कागद मी वहीतून काढून पुन्हा बघितला. फाटलेल्या जागी बोट ठेवलं. मग तो परत ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून पडलो.

५ नोव्हेंबर

मला चाकाच्या खुर्चीत घालून खाली नेलं. हेस्टरही खुर्चीत. दोन खुर्च्या समोरासमोर, गुडघ्याला गुडघा. तिनं माझ्या गोळ्यांची बाटली हातात घेतली, हलवून आवाज ऐकला आणि परत दिली.

मी पुठ्ठे नेले नव्हते. म्हणालो, "मला भीती वाटते. तू ऑपरेशन करू नयेस असं मला वाटतं. पण ते माझं झालं. तुझं तू सांग." आणि मग गप्प बसलो. गप्प बसणं फार अवघड काम आहे. जिभेवर चार वाक्यं येऊन गेली.

तिनं वेळ घेतला. बाहेर कुणीतरी दिवसाढवळ्याच फटाके उडवत होतं, दर पाच नोव्हेंबरच्या रात्री पेटतात त्या शेकोट्यांसाठी आणलेले. मग तिनं मिस्टर लिव्हसेंच्या चित्रावर, मानेच्या त्या जागी, बोट टेकवलं. "ऑर." पाटी भिंतीवर बसली तसाच. मिस गॅदरकोलनी तीनदा वेगवेगळ्या तऱ्हेनं विचारलं. तीनदा तेच आलं. डाव्या हातानं तिनं कागदावर फुली केली, छोटी, नेटकी, चारही टोकं सारखी.

ती माझ्यासाठी अडून बसली होती. मला कुणीतरी बघेपर्यंत ती टेबलावर जाणार नव्हती. हे फिलिपानं सांगितलं. मी एकट्यानं ओळखलं असतं असं इथे लिहिणार नाही.

९ नोव्हेंबर, मंगळवार

सव्वानऊला नेलं. साडेअकराला येतील म्हणाले. साडेअकरा झाले, बारा झाले. मला पलंगावरून उठायची परवानगी नाही. फिलिपा खाली-वर करतेय. पर्सी खुर्चीत बसून साप्ताहिकातलं माझंच जुनं शब्दकोडं सोडवतोय आणि मुद्दाम चुकीची उत्तरं मोठ्यानं वाचतोय. पावणेएक. त्याचं वाचणंही थांबलं. नर्स रक्तदाब घ्यायला आली, आकडा बघून तिनं मला झोपवलं.

एक वाजून वीस. फिलिपा आली. जागी आहे. डावा हात हलतो. उजवा आधी होता तेवढाच. मिस्टर लिव्हसेंना बघून काहीतरी म्हणाली.

"काय म्हणाली?" पर्सीनं विचारलं.

फिलिपा हसायला लागली.

११ डिसेंबर, शनिवार

बरेच दिवस लिहिलं नाही. माझ्या छातीवर टाके आहेत, लंडनला जाऊन आलो, त्याचं इथे काही लिहीत नाही. नदीकाठच्या सपाटीवर तळमजल्याची दोन खोल्यांची जागा घेतली आहे. खिडक्यांना उजेड बेताचाच. हेस्टर त्यातल्या मोठ्या खिडकीशी बसून डाव्या हातानं रंगकाम करते. कावळा पर्सीनं पुरा केला. तिनं त्याची चोच पुसून पुन्हा काढली.

साप्ताहिकाला कळवलं, महिन्यातून एकच कोडं देईन. संपादकबाईंनी विचारलं, बाकी वेळ काय करणार? मी म्हणालो, बायकोबरोबर बोलतो. त्या अडखळल्या, काय म्हणावं सुचेना. बिचाऱ्या.

तिची भाषा तेवढीच आहे. मिस गॅदरकोल दर गुरुवारी येतात, दुसरा शब्द अजून आलेला नाही, येईल असं त्या वचन देत नाहीत. मी सूर ओळखायला शिकतोय. सात-आठ येतात. रोज चुकतो. चुकलो की ती वाट बघते.

आज सकाळी गोळ्या घेतल्यावर तिनं माझं मनगट मांडीवर ओढलं, आतल्या बाजूला दोन बोटं ठेवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत नाडी मोजू लागली. आकडे तिला येत नाहीत. दर ठोक्याला एकदा, हलक्या आवाजात, ऑर, ऑर, ऑर, ऑर. मी मनात आकडे म्हणत होतो. काटा एक फेरा पुरा करून गेला, बहात्तर झाले. ती मोजतच राहिली. मी हात काढला नाही.